काय कळला ता सांग

परब बाईंचा फोन आला की माझ्या आधी माझा नवरा उभा राहायचा. फोन माझा, शाळा माझी, आणि ताठ उभे हे! त्याला कारण होतं. एकदा मी आंघोळीला गेले असताना यांनी तो फोन उचलला. पलीकडून बाई म्हणाल्या, "मॅडमना सांगा, उद्याची सहामाही दुपारच्या ऐवजी सकाळी आहे." हे "बरं, सांगतो" म्हणून फोन ठेवायला गेले, तर बाई म्हणाल्या, "थांबा. काय कळला ता सांगा." आमचे साहेब बँकेत अधिकारी. त्यांच्याकडून पाठांतर म्हणून घेण्याची हिंमत त्यांच्या आईनंतर कोणी केलेली नव्हती. ते गडबडले, सहामाहीच्या जागी वार्षिक म्हणाले, आणि बाईंनी त्यांना तीनदा म्हणायला लावलं. मी बाहेर आले तेव्हा हे हॉलच्या मधोमध उभे राहून "दुपारच्या ऐवजी सकाळी, दुपारच्या ऐवजी सकाळी" करत होते.

परब बाई म्हणजे आमच्या शाळेच्या क्लार्क. चारकोपच्या सेक्टरांमधली आमची मराठी शाळा, वर्ग पाचवी ते आठवी. मुलं रिक्षावाल्यांची, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला जाणाऱ्यांची, घरोघरी पोळ्या करणाऱ्या बायकांची. या सगळ्या घरांना काय हवं नको ते कळवायचं काम बाईंचं. पाऊस तुंबला, परीक्षा पुढे गेली, लस द्यायची आहे, पाणी नाही म्हणून शाळा लवकर सुटणार, सगळं त्यांच्या खिडकीतून बाहेर जायचं. बाई उंचीने एवढ्याशा, खुर्चीवर बसल्या की खिडकीत फक्त चष्मा दिसायचा. आवाज मात्र शेवटच्या वर्गापर्यंत. बोलणं एरवी मुंबईचं, पण राग आला किंवा माया आली की मालवणी सुरू. दोन्हींत फरक कळायला मला चार वर्षं लागली.

बाईंचा नियम एकच. सांगितलं म्हणजे पोचलं नाही. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवलं, की पोचलं. मग तो पालक असो, शिपाई असो, नाहीतर आमचे मुख्याध्यापक इनामदार सर.

इनामदार सर पुण्याचे. त्यांच्या नोटिशी "सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की" अशा सुरू होत आणि मुद्दा येईपर्यंत कागद संपत असे. बाई नोटीस वाचून म्हणायच्या, "सर, ह्या कोणाक कळतला?" आणि खाली आपल्या हाताने लिहायच्या, 'उद्या शाळा नाही.' सरांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आणि बाईंची ती वही! जाड पुठ्ठ्याची, लांब, कोपरे दुमडलेली. शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव आणि पालकाचा नंबर असतो. बाईंच्या वहीत निरोपाची वाट असायची. मी एकदा चोरून वाचली होती. 'कदम, सहावी अ. आईचा नंबर. आई दुपारपर्यंत पोळ्यांच्या कामावर, उचलत नाही. आजोबा घरी, पण ऐकू येत नाही. समोरच्या दारात सांगणे.' 'मोरे, आठवी ब. वडील हो हो म्हणतात, करत काही नाहीत. मोठ्या बहिणीला सांगणे.' 'शेलार, पाचवी. आईवडील एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांना वेगवेगळे सांगणे.' हे शेवटचं वाचलं आणि मी वही गुपचूप जागेवर ठेवली. शेलार माझ्याच वर्गातला. मला पत्ता नव्हता.

पुढे पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा सर खुशीत म्हणाले, "आता एक बटण दाबलं, की सर्व पालकांस एकाच वेळी कळतं." बाई म्हणाल्या, "कळत नाही सर. नुसतं जातं."

"बाई, वाचल्याची निळी खूण येते."

"ती बोटाची खूण. डोक्याची कुठे येते?"

मी तेव्हा सरांच्या बाजूने होते, खोटं कशाला बोलू. प्रत्येक नोटिशीनंतर बाई चाळीस-चाळीस फोन लावत बसायच्या आणि मला वाटायचं, काय ही कटकट! माणसं काय कुक्कुली बाळं आहेत?

मग तो चाचणीचा दिवस आला. लख्ख ऊन. गणिताचा पेपर. आणि माझ्या वर्गात टाळकी किती, तर अकरा! झालं होतं असं, की कुणीतरी गेल्या वर्षीची 'अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी' ही नोटीस पुन्हा ग्रुपमध्ये ढकलली. सरांची सही, शाळेचा शिक्का, सगळं खरं. पालकांनी खिडकीबाहेर न बघता पोरांना परत झोपवलं. बाईंनी एकेकाला फोन लावून असा झाडला की बस. "मेल्यांनू, उन्हात कपडे वाळत घातलात ना? मग अतिवृष्टी खयची?"

दुपारी त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी तिथेच पेपर मोजत होते. बाई म्हणाल्या, "सर, तुमची सही जुनी होत नाही, हीच भानगड आहे. आजपासून प्रत्येक नोटिशीखाली माझ्या डब्यात काय आहे ते लिहिणार."

"काय लिहिणार?"

"डब्यातली भाजी. भाजी रोज बदलते. जुनी नोटीस कोणी फिरवली तर पालक मला फोन करून विचारतील, बाई, आज डब्यात काय? जुळलं तर खरी, नाहीतर खोटी."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "शालेय पत्रव्यवहारात... भेंडी?"

"आज गवार आहे," बाई म्हणाल्या.

हसून हसून माझे मोजलेले पेपर चुकले. पण काय सांगू, चाललं हो ते! 'उद्या शाळा सकाळची. आज डब्यात मटकी.' 'पाणी साचल्यामुळे मुलांना एक वाजता न्यायला या. आज डब्यात लाल माठ.' एकही खोटी नोटीस पुन्हा टिकली नाही. ग्रुपमध्ये जुनं काही आलं की कुठलीतरी आई तडक लिहायची, 'फेक आहे, आज सोमवार, बाई सोमवारी मच्छी आणत नाहीत.' हळूहळू पालकांचा बाईंच्या डब्यात जीव अडकला. एकदा ओळीने तीन दिवस दुधी आला, तर चौघींनी विचारलं, 'बाई, तब्येत बरी आहे ना?' तब्येत खरंच बरी नव्हती. पित्त झालं होतं.

आणि लॉकडाऊन आला. शाळेला कुलूप लागायच्या दिवशी लोक आपापल्या कपाटांच्या किल्ल्या शोधत होते. बाईंनी वही उचलली, भाजीच्या पिशवीत घातली आणि घरी आणली. मी त्यांच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते, म्हणून पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं. पुढे एकदा नाक्यावर पोलिसाने त्यांना अडवलं, "कुठे निघालात? अत्यावश्यक सेवा आहे का?" बाईंनी वही दाखवली. पोलिसाने मास्क खाली केला, तो निघाला आठवीतल्या एका मुलीचा बाप. बाईंनी त्याला तिथल्या तिथे ऑनलाइन वर्गांची वेळ सांगितली आणि भर नाक्यावर काठीसकट परत म्हणायला लावली.

घरून सुद्धा नोटिशी चालूच. 'उद्या सातवीचा वर्ग दहा वाजता. डबा नाही, घरातच आहे. पिठलं.' त्या दिवसांत लोक सकाळी आधी आजाराच्या बातम्या बघत आणि मग बाईंचं पिठलं. मी पण बघायची.

मग वरून पत्र आलं. जी मुलं संपर्कात नाहीत त्यांची यादी शनिवारपर्यंत पाठवा. ज्यांचा पत्ता लागणार नाही, त्यांचं नाव पटावरून कमी होणार. माझ्या वर्गातलं एकच नाव होतं, अस्मिता गायकवाड. सहावी पास होऊन सातवीत गेलेली. वडील रिक्षा चालवायचे, मूळचे जालन्याकडचे. मार्चमध्ये सगळं कुटुंब गावी निघून गेलं होतं आणि वडिलांचा फोन बंद. त्या गावात शाळा पाचवीपर्यंतच. पटावरून नाव गेलं की ती पोरगी घरी बसणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. तरी मी बारा वेळा फोन लावून दमले होते. यादीवर सही केली आणि मास्क लावून बाईंकडे द्यायला गेले.

बाईंनी मला गॅलरीत लांब खुर्चीवर बसवलं, यादी वाचली आणि म्हणाल्या, "संपर्कात नाही म्हणजे काय?"

"फोन बंद आहे बाई त्यांचा."

"मग आपण नाही तिच्या संपर्कात. ती आहे थयच असा."

मी जरा चिडलेच. म्हटलं, "बाई, आपण तरी किती करायचं? आपल्याकडून सांगायचा प्रयत्न झाला ना?"

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "माझे वडील गिरणीत होते. आम्ही लालबागला चाळीत. ते आजारी म्हणून गावी गेले आणि तिथेच वारले. गावाहून निरोप निघाला. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरा पहिल्या पाळीला चालला होता, त्याने जिन्यात कोणालातरी सांगितलं, वरती त्यांच्या घरी सांग. तो म्हणाला, सांगतो. आम्ही गावी पोचलो चौथ्या दिवशी. सगळं उरकलं होतं. मी नंतर एकेकाला विचारलं गो मॅडम. प्रत्येकाने सांगितलं होतं. कोणाची काय चूक नव्हती. फक्त आमच्यापर्यंत वेळेत आलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादी मी त्यांच्या हातातून परत घेतली.

बाईंनी वही उघडली. 'गायकवाड, सातवी ब. वडील रिक्षा. फोन बंद असेल तर नाक्यावरचा इस्त्रीवाला रामसजन. तो नसेल तर आईची बहीण, चेंबूर.' रामसजन स्वतः उत्तर प्रदेशात आपल्या गावी गेला होता. तिथून त्याने फोन उचलला. "बाईजी! प्रणाम! आज डिब्बे में क्या है?" त्याच्याकडे गायकवाडांचा नवा नंबर नव्हता. मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दाजींचा फोन मुद्दाम बंद आहे बाई. 'शाळेतून बोलतोय' म्हणून कोणीतरी ओटीपी मागितला त्यांच्याकडे. तेव्हापासून ते कोणाचाच फोन घेत नाहीत." पण गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होता. अस्मिता दर दोन दिवसांनी दळण घेऊन तिथे यायची.

गिरणीवाल्याने फोन घेतला तो गिरणी चालू ठेवूनच. बाई ओरडल्या, "आधी ती बंद कर!" चारकोपहून जालन्याची गिरणी बंद झाली. "आता ऐक. अस्मिता गायकवाडचं नाव शाळेतून कमी केलेलं नाही. ती सातवीत आहे. तिची पुस्तकं मी शाळेच्या कपाटात ठेवली आहेत. शनिवारच्या आत तिने परब बाईंना फोन करायचा. काय कळलं ते सांग."

"कळलं की बाई. अस्मिताचं नाव कमी केलंय, पुस्तकं कपाटात..."

"अरे मेल्या! पोरीचं शिक्षण बुडवतोस? 'नाही' कुठे गेलं? परत सांग!"

त्या गिरणीवाल्याने पाच वेळा सांगितलं. दळणाला आलेल्या बायकांनीही मागून सांगितलं. शेवटी बाई म्हणाल्या, "हां. आता चालू कर."

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सरांनी दोनदा फोन करून यादी मागितली. बाई त्यांना म्हणाल्या, "शनिवार म्हणजे शनिवार संध्याकाळ." मी गॅलरीत जाऊन बसायची. दोघी फोनकडे बघायचो आणि शेंगा सोलायचो. मनातून मला खात्री होती की वाट लागली. बाईंचीही बोटं शेंगांवर जरा हळू चालत होती.

शनिवारी अकराच्या सुमाराला गिरणीवाल्याचा नंबर वाजला. बाईंनी स्पीकर लावला. पलीकडे आधी एका माणसाचा दबका आवाज, "विचार, आधी विचार." मग पोरीचा आवाज. "हॅलो. तुम्ही खऱ्याच परब बाई का?"

"मग काय खोटी?"

"मग सांगा, आज डब्यात काय?"

बाईंचा हात तोंडावर गेला. मी बघितलं, डोळे भरले होते. पण आवाज तोच ठणठणीत. "डबा खयचो गो बाय, घरातच बसलंय. कुळथाची पिठी केली आहे."

"बाबा, खऱ्याच आहेत! बाईंचीच मालवणी!" पोरगी ओरडली. आणि मग बाईंनी विचारायच्या आतच धडाधड म्हणून दाखवलं, "अस्मिता गायकवाडचं नाव शाळेतून कमी केलेलं नाही. ती सातवीत आहे. तिची पुस्तकं कपाटात आहेत. शनिवारच्या आत फोन करायचा. बाई, आज शनिवारच आहे ना?" एकही मुद्दा गळलेला नाही. मुंबईहून निघालेला निरोप गिरणीतून पिठासकट तिच्यापर्यंत गेला होता. मी यादी तिथेच टराटरा फाडली. सर नंतर ओरडले, कारण त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

अस्मिता वर्षभर त्या गिरणीवाल्याच्या फोनवर शिकली. रिक्षा पुन्हा सुरू झाल्यावर मंडळी परत आली आणि शाळा उघडली तेव्हा ती आठवीत, पहिल्या बाकावर. बाईंनी कपाटातून पुस्तकं काढून दिली. सातवीची. आठवीत गेलेल्या मुलीला सातवीची पुस्तकं! ती म्हणाली, "बाई, आता ही कशाला?" बाई म्हणाल्या, "ठेवली आहेत म्हणून सांगितलं होतं ना? मग घे."

नंतर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात इनामदार सर पाऊण तास बोलले. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सरांनी काय सांगितलं ते कोणी परत सांगेल?" हॉलमध्ये एक हात वर आला नाही. बाई म्हणाल्या, "बघा," आणि खाली बसल्या. झालं भाषण.

वही त्यांनी माझ्या हातात दिली. घरी येऊन मी आधी माझं नाव शोधलं. होतं. 'शिर्के मॅडम. ऐकायच्या आधी बोलतात. दोनदा सांगणे.' मला राग आला, पण खोडायला पेन उचललं नाही. शेवटच्या पानावर नवीन शाईत लिहिलं होतं, 'परब. मुक्काम गावी, कुडाळजवळ. रेंज नाही. निरोप इस्त्रीवाला रामसजन, चारकोप नाका.' मी खो खो हसले. बाई कोकणात आणि त्यांचा निरोप चारकोपच्या इस्त्रीवाल्याकडे!

गेल्या पावसाळ्यात बाईंचा फोन आठ-दहा दिवस लागेना. मी म्हटलं, रेंज नसेल. ऐकायच्या आधी बोलते ना मी! मग एका दुपारी अस्मिताचा फोन आला. आता कॉलेजात जाते. म्हणाली, "मॅडम, बाईंचा निरोप आहे. रामसजन काकांचा एकच नंबर त्यांना तोंडपाठ होता, तो त्यांनी जावेला लावायला सांगितला. काकांनी रिक्षा स्टँडवर बाबांना सांगितलं, बाबांनी मला. नीट ऐका. बाईंना छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. आता घरी आणलं आहे. रस्ते खराब आहेत, धावत येऊ नका. आज पेज खाल्ली."

मी नुसतं "बरं, बरं" म्हटलं.

"मॅडम," पोरगी म्हणाली, "काय कळलं ते सांगा."

मी सांगितलं. दवाखाना, घरी आणलं, पेज.

"मॅडम, 'धावत येऊ नका' राहिलं."

"राहू दे," मी म्हटलं आणि कपाटावरची बॅग काढली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात. बाई पडवीत बसल्या होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या, मांडीवर पेजेची वाटी. तीच आमची शेवटची भेट, पण ते तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मला बघून त्यांनी चष्मा वर केला. "येऊ नको म्हणान निरोप धाडलेलंय ना? काय कळला तुका?"

"पेज खाल्लीत, एवढंच कळलं," मी म्हटलं.

"अर्धोच पोचलो म्हणजे," त्या म्हणाल्या आणि मला जवळ बसायला जागा केली. मग आत बघून हाक मारली, "गो, मॅडमांक पेज आण. वांगडा लोणचा. आणि बसाक पाट." आतून जाऊ म्हणाली, "होय, होय."

"होय काय?" बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण पोचला. "काय कळला ता सांग!"

आणि आतून त्या बिचारीने सगळं परत म्हणून दाखवलं. पेज, लोणचं, पाट.